पंचकेदारची आखणी रुद्रनाथापासून उलटी करावी

उत्तराखंडातल्या केदारनाथ, मध्यमहेश्वर, तुंगनाथ, रुद्रनाथ आणि कल्पेश्वर या शिवाच्या पाच देवळांचा, म्हणजे पंचकेदारचा, बेत ठरला की बहुतेक जण कागद घेऊन केदारनाथापासून दिवस लिहायला लागतात. पहिला दिवस हरिद्वार, दुसरा सोनप्रयाग, तिसरा केदारनाथ, असं करत खाली येता येता रुद्रनाथापाशी रजा संपते. मग तिथली वीस किलोमीटरची चाल एका दिवसात कोंबली जाते आणि प्रत्यक्षात, ही वाट जिथून सुरू होते त्या सगर गावात पोचल्यावर गुडघे हात टेकतात. आमच्या पाहण्यात ज्यांचे पाचांपैकी चारच केदार झाले, त्यांचा राहिलेला जवळजवळ नेहमी रुद्रनाथच होता. म्हणून आखणी त्याच्यापासून उलटी करावी. आधी रुद्रनाथाचे दिवस पक्के करायचे आणि मग बाकीचे चार त्याच्या आगेमागे बसवायचे.

तारखांचा खेळही रुद्रनाथाशीच येऊन अडतो. केदारनाथाचे कपाट, म्हणजे देवळाची दारं, भाऊबीजेला बंद होतात, तुंगनाथ आणि मध्यमहेश्वर नोव्हेंबरात. रुद्रनाथ मात्र ऑक्टोबरच्या मध्यालाच, कार्तिक संक्रांतीच्या सुमारास बंद होतं. २०२५ मध्ये ते १७ ऑक्टोबरला बंद झालं आणि केदारनाथ २३ ला. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत पाचही केदार उरकू, हा आपल्याकडचा लाडका बेत सहसा जुळतच नाही. सुरुवातीकडे अडवतो तो मध्यमहेश्वर. २०२५ मध्ये केदारनाथ आणि तुंगनाथ २ मेला उघडले, रुद्रनाथ १८ ला आणि मध्यमहेश्वर २१ ला. म्हणजे मेच्या पहिल्या पंधरवड्यात गेलात तर दोन देवळांची दारं बंदच मिळणार. केदारनाथाची तारीख महाशिवरात्रीला उखीमठात जाहीर होते, तुंगनाथ आणि मध्यमहेश्वरची बैसाखीला. या दोन दिवसांच्या आधी कुणी पक्क्या तारखांची सहल विकत असेल तर तो अंदाजावर विकतोय असं समजावं.

मग जायचं कधी? मेअखेर ते साधारण २० जून, किंवा १५ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर. पहिल्या काळात रुद्रनाथाच्या वाटेवर पनार आणि पितृधारच्या बाजूला बर्फाचे पट्टे राहिलेले असतात, केदारनाथाला गर्दी असते आणि दुपारनंतर ढग भरून येतात. दुसऱ्या काळात हवा स्वच्छ असते, गर्दी ओसरलेली असते, थंडी मात्र जास्त. आम्ही कुणी विचारलं तर सप्टेंबरअखेर सांगतो. जुलै-ऑगस्टमध्ये जाऊ नये. मध्यमहेश्वरच्या वाटेवरच्या बनतोलीच्या आणि रुद्रनाथाच्या बाजूच्या अनसूयेच्या जंगलातल्या जळवा एक वेळ मीठ-तंबाखू लावून परवडतील, पण रस्ते परवडणार नाहीत. ३१ जुलै २०२४ च्या रात्री लिनचोलीजवळ ढगफुटी झाली तेव्हा केदारनाथची वाट जागोजागी तुटली आणि हजारो यात्रेकरूंना बाहेर काढावं लागलं. बनतोलीचा पूल ऑगस्ट २०२३ मध्ये वाहून गेला तेव्हा मध्यमहेश्वरला गेलेले लोक पलीकडेच अडकले होते.

आता दिवस मोजू. रुद्रनाथाला तीन, त्यानंतर कल्पेश्वराला एक आणि परतीला एक लांबलचक दिवस. मागे जाताना तुंगनाथाला एक, त्याच्या आधी चालणं जवळपास नसलेला एक हलका दिवस, मध्यमहेश्वरला तीन, केदारनाथाला तीन आणि हरिद्वारहून वर पोचायला एक. हे चौदा झाले. त्यात दोन मोकळे दिवस घातले की हरिद्वार ते हरिद्वार सोळा. मोकळे दिवस शेवटी हरिद्वारात गंगा बघायला ठेवू नयेत. एक रुद्रनाथाच्या आधी आणि एक नंतर ठेवावा. पाऊस लागला तर सगरला थांबता आलं पाहिजे आणि रस्ता बंद झाला तर परतीची गाडी चुकता कामा नये. सोळा दिवसांची रजा मिळत नसेल तर दोन फेऱ्या कराव्यात. एकदा केदारनाथ-मध्यमहेश्वर, पुन्हा कधी तुंगनाथ-रुद्रनाथ-कल्पेश्वर. दहा दिवसांत पाच केदार करणारे लोक आहेत, नाही असं नाही. पण त्यांना नंतर कुठलं देऊळ कुठं होतं हे फोटो बघून सांगावं लागतं.

नोंदणीचं काम सोपं आहे, फक्त वेळेवर झालं पाहिजे. उत्तराखंड पर्यटन खात्याची चारधाम नोंदणी केदारनाथासाठी सक्तीची आहे. ती फुकट आहे, संकेतस्थळावर किंवा ‘टुरिस्ट केअर उत्तराखंड’ या अ‍ॅपवर होते आणि मिळालेला क्यूआर कोड वाटेत तपासतात. त्याची छापील प्रत आणि आधार कार्ड एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावं, कारण तपासणीच्या ठिकाणी फोन भिजलेला नाही तर बंद असतो. याच वेळी बद्रीनाथाचीही नोंदणी करून टाकावी. का, ते शेवटी येईलच. बाकीच्या चार केदारांना ही नोंदणी लागत नाही. पण तुंगनाथ, मध्यमहेश्वर आणि रुद्रनाथ १९७२ साली जाहीर झालेल्या केदारनाथ वन्यजीव अभयारण्याच्या हद्दीत येतात, त्यामुळे वनखात्याच्या चौकीवर शुल्क भरून पावती घ्यावी लागते. रुद्रनाथाला रोज सोडल्या जाणाऱ्या माणसांवर मर्यादा असते. निघण्यापूर्वी गोपेश्वरच्या वनखात्याच्या कार्यालयात फोन करून त्या हंगामाचा नियम विचारून घ्यावा.

रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधीच उघडतं, पूर्वीसारखं चार महिने आधी नाही. महाशिवरात्रीची घोषणा ऐकून मग तिकीट काढायला हे सोयीचंच पडतं. हेलिकॉप्टरची तिकिटं फक्त आयआरसीटीसीच्या हेलियात्रा संकेतस्थळावर मिळतात. व्हॉट्सअ‍ॅपवर तिकीट देतो म्हणणारा माणूस चोर असतो, त्यात दुसरी शक्यता नाही. आणि पंचकेदार चालत करणाऱ्यांनी केदारनाथाला उडत जाऊच नये. तेराशे-चौदाशे मीटरवरून दहा मिनिटांत साडेतीन हजारांवर गेलं की डोकं ठणकायला लागतं, आणि पुढच्या चालीसाठी शरीराला सवय लागायची ती लागतच नाही.

तयारीबद्दल एकच गोष्ट धरून ठेवावी. किलोमीटर मोजू नका, मीटर मोजा. गौरीकुंड १,९८० मीटरवर आणि केदारनाथ ३,५८३ वर. एका केदारनाथाच्या चढाईत बारी गावातून कळसूबाई जवळपास पावणेदोन वेळा बसतं. आणि हे दर देवळागणिक होतं, कारण पाच केदार एका धारेवर नाहीत. प्रत्येक वेळी दरीत उतरायचं, जीपने पुढच्या दरीत जायचं आणि पुन्हा पहिल्यापासून चढायचं. दम लागतो त्याचं फार मनावर घेऊ नये, थांबलं की तो परत येतो. मांड्या आणि गुडघे उतारावर जातात आणि गेले की परत येत नाहीत. म्हणून निघण्याआधी तीन महिने आठवड्यातून तीन दिवस सहा-सात किलोची सॅक पाठीवर घेऊन जिने चढावेत आणि तितकेच हळूहळू उतरावेत. लिफ्टने खाली येणाऱ्याची निम्मी तयारी वाया जाते. शनिवार-रविवार दोन्ही दिवस लागोपाठ एकेक किल्ला केला तर दुसऱ्या दिवशी भरून आलेल्या पोटऱ्यांनी कसं चालायचं हेही कळतं.

सामान सात-आठ किलोच्या वर जाऊ देऊ नये. दोन चालायच्या काठ्या घ्याव्यात, एक नव्हे, उतारावर त्याच गुडघ्यांचं ओझं उचलतात. बूट निदान पन्नास-साठ किलोमीटर चाललेले असावेत आणि निघायच्या आदल्या दिवशी पायाची नखं कापावीत, नाही तर गौरीकुंडच्या उतारावर अंगठ्याचं नख काळं पडतं. गुडघ्यापर्यंतचा पॉन्चो हवा. छत्री वाऱ्यात उलटी होते आणि दुसऱ्याच्या डोळ्यात जाते. कपड्यांचा एक कोरडा जोड प्लास्टिकमध्ये बांधून ठेवावा आणि काही झालं तरी तो चालताना घालू नये. झोपायच्या वेळेला तोच उपयोगी पडतो. तंबू मात्र नेऊ नका. उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या गवताळ माळांवर, रात्रीचा मुक्काम टाकायला मनाई केली आहे. या वाटांवर गावकऱ्यांच्या झोपड्यांत आणि धर्मशाळांतच राहायचं असतं आणि रजया तिथे मिळतात. त्यात घालायला एक आतली चादर न्यावी.

पन्नाशीच्या वरच्यांनी रक्तदाब, साखर आणि ईसीजी बघून घ्यावं. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. ती सल्फा गटातली असल्याने त्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना चालत नाही. सहसा वर जायच्या आदल्या दिवसापासून १२५ मिलिग्रॅम दोन वेळा देतात. ऑक्सिमीटर लावून रात्रभर बघत बसणारे लोक आजाऱ्यापेक्षा जास्त घाबरतात. साडेतीन हजार मीटरवर ८५ ते ९० चा आकडा दिसला तरी माणूस जेवतोय, बोलतोय आणि सरळ चालतोय ना, ते बघावं. डोकेदुखीच्या जोडीला उलट्या सुरू झाल्या किंवा पावलं वेडीवाकडी पडायला लागली, तर सकाळची वाट न बघता खाली उतरवायचं.

हरिद्वार किंवा ऋषिकेशहून पहाटे पाच-सहाला निघावं. ऋषिकेश ते सोनप्रयाग दोनशे किलोमीटरच्या थोडं वर आहे, पण ते आठ-दहा तासांचं काम असतं. श्रीनगर आणि रुद्रप्रयागच्या मधला सिरोबगडचा दरडीचा पट्टा बंद असेल तर किती तास, ते कुणीच सांगू शकत नाही. खाजगी गाड्या सोनप्रयागलाच अडवतात. तिथून गौरीकुंडपर्यंतचे पाच किलोमीटर शटल जीपने जायचं. या जीपची रांग पहाटे चारलाही असते. दुपारनंतर हवामान बघून वर सोडणं बंद करतात, म्हणून मुक्काम गुप्तकाशीला न करता शक्य तितका सोनप्रयागच्या जवळ करावा.

केदारनाथला सोळा किलोमीटर एका दमात चढणारे पुष्कळ आहेत. आम्ही मात्र लिनचोलीला रात्र काढायला सांगतो. उंचीवर झोपण्याचा टप्पा हळूहळू वाढवावा, असं वैद्यकशास्त्र सांगतं. तीन हजारांच्या वर रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त नको. गौरीकुंडहून थेट वर जाऊन झोपलं तर एका दिवसात सोळाशे मीटर होतात. लिनचोली अकराएक किलोमीटरवर, तीन हजार मीटरच्या आसपास आहे. तिथे झोपून दुसऱ्या दिवशी उरलेले पाच किलोमीटर सावकाश चढले की दुपारी हाताशी वेळ राहतो आणि संध्याकाळचं शृंगार दर्शन निवांत होतं. दुसऱ्या पहाटे परत रांगेत उभं राहता येतं. दुपारी तीनच्या सुमारास देऊळ काही वेळ बंद असतं, त्या वेळात भैरवनाथाच्या टेकडीवर जाऊन यावं. वरून सगळी दरी आणि २०१३ चा पूर कुठून आला ती मोरेनची, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीची, बाजू दिसते. त्या पुरात रामबाडा पूर्ण गेला, म्हणूनच आताची वाट नदी ओलांडून पलीकडच्या काठाने वर जाते आणि पूर्वीपेक्षा लांब आहे.

या वाटेवरचा खरा धोका खेचरांचा आहे. गौरीकुंड ते जंगलचट्टी वाट अरुंद आहे, फरसबंदी लिदीने आणि पाण्याने निसरडी झालेली असते. वरून रिकामी खेचरं सुटलेली येतात. घंटा ऐकू आली की डोंगराच्या बाजूला, भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. दरीच्या बाजूला कधीच नाही. ओझ्याचा कोपरा पाठीला लागला तरी माणूस कठड्यापलीकडे जातो आणि खेचराला त्याचं काही वाटत नाही. सॅक पाठीवर असताना आपण नेहमीपेक्षा फूटभर जाड झालेलो असतो, हे लोक विसरतात. घोडा, दंडी (माणसांनी उचलायची पालखी) किंवा कंडी (पाठीवरची टोपली) करायची असेल तर प्रीपेड काउंटरवरच करावी आणि पावतीवरचा क्रमांक माणसाशी जुळवून बघावा.

उतरून उखीमठला मुक्काम करावा आणि एटीएममधून पैसे काढून घ्यावेत. इथून पुढे रांसी, गौंडार, मध्यमहेश्वर सगळीकडे रोख लागते आणि शंभर-दोनशेच्या नोटा लागतात. उखीमठचं ओंकारेश्वर मंदिर म्हणजे केदारनाथ आणि मध्यमहेश्वर या दोघांचीही हिवाळ्यातली गादी. वाटेवरच आहे, चुकवू नये.

मध्यमहेश्वरची वाट फसवी आहे. रांसीच्या पुढे गौंडारपर्यंत ती उतरत जाते, त्यामुळे पहिल्या दिवशी सगळे खुशीत असतात. पण परत येताना हाच उतार शेवटच्या तासात चढ होऊन समोर येतो, आणि त्या वेळी जवळचं पाणी संपलेलं असतं. गौंडार किंवा बनतोलीला पहिला मुक्काम करावा. बनतोलीला दोन नद्यांचा संगम आहे आणि तिथला पूल शाबूत आहे का, हे उखीमठलाच विचारून घ्यावं. बनतोलीनंतर देवळापर्यंत दहाएक किलोमीटर सलग चढण आहे. खड्डारा, नानू, मैखंबा, कूनचट्टी अशा चट्ट्या, म्हणजे वाटेवरचे थांबे, आहेत. प्रत्येकीत चहा मिळतो आणि सांगितलं तर मुक्कामाची सोयही होते. वर पोचल्यावर पहाटे पाचला उठून बूढा मध्यमहेश्वरच्या बुग्यालावर जावं. दोन किलोमीटरही नाही. चौखंबाचा डोंगर समोरच्या डबक्यात उलटा दिसतो तो सूर्य पुरता वर यायच्या आत. आठनंतर वारा सुटतो, पाणी हलतं आणि मग नुसतंच डबकं राहतं. गौंडारनंतर मोबाइलला रेंज नाही. घरी तसं आधीच सांगून ठेवावं, नाही तर दोन दिवसांत तिकडे पोलिसांत जायची तयारी होते.

तुंगनाथाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. चोपता २,६८० मीटर, देऊळ ३,६८०, मध्ये साडेतीन-चार किलोमीटर फरसबंदी. पाचांत सर्वांत उंच आणि कल्पेश्वर सोडला तर सर्वांत सोपा, म्हणून गर्दीही तशीच. पहाटे चारला निघून देवळाच्या वरचं चंद्रशिळा शिखर करून दहापर्यंत खाली यायचं आणि त्याच दिवशी मंडलमार्गे सगर गाठायचं. आदला दिवस हलका ठेवलेला असेल तर पाय कुरकुर करत नाहीत.

आणि मग सगर. गोपेश्वरहून पाच किलोमीटर अलीकडे, रस्त्याच्या कडेला कमान आहे तिथून वाट सुरू होते. सकाळी सहाला पाय टाकलाच पाहिजे. पहिले चार किलोमीटर शेतांतून आणि जंगलातून पुंग बुग्यालपर्यंत, हे बरे जातात. पुंगनंतर वाट उभीच राहते. ल्वीटीपर्यंत आणि पुढे पनारपर्यंत दगडी पायऱ्यांसारखे टप्पे आहेत, पण एकाची उंची दुसऱ्याशी जुळत नाही, त्यामुळे पायाला लय सापडत नाही. उंच पायरीवर गुडघ्यावर हात दाबून चढण्याची सवय इथे महागात पडते. काठीवर भार टाकावा आणि पाऊल छोटं ठेवावं. ल्वीटीला पोचायला दुपारचे बारा वाजून गेले असतील तर पनारचा हट्ट सोडून तिथेच राहावं. पनारला त्यापेक्षा लवकर पोचलात तरी पुढे निघू नये. पनार ते देऊळ अजून सात-आठ किलोमीटर आहे, वाट झाडांच्या वरून जाते आणि दुपारी धुकं उतरलं की दहा फुटांवरचं दिसत नाही. पाणी पनारलाच दोन लिटर भरून घ्यावं.

दुसऱ्या दिवशी पितृधार. ही वाटेवरची सर्वांत उंच जागा. पितरांच्या नावाने ठेवलेले दगड, घंटा, झेंडे आहेत. स्वच्छ सकाळी इथून नंदादेवी आणि त्रिशूल दिसतात. थांबावंसं वाटतं, पण घाम सुकला की वारा आत शिरतो, म्हणून जॅकेट आधी आणि फोटो नंतर. मेअखेरीस इथला बर्फ सकाळी कडक असतो आणि दुपारी भुसभुशीत. सकाळी टाच रोवून, पावलापुढे पाऊल टाकत जायचं. पुढे पंचगंगा आणि उतरत उतरत रुद्रनाथ. इथे शिवाच्या मुखाची पूजा होते. राहायची जागा मोजकीच असल्याने सगरला किंवा पनारला असतानाच वरची सोय ठरवून घ्यावी. उतरताना एका दिवसात सगर गाठता येतं, पण वीस किलोमीटरच्या उतारावर दर तासाला पाच मिनिटं बूट काढून बसायचंच. सगळ्यात जास्त पाय मुरगळतात ते ल्वीटी ते पुंगच्या मध्ये, चारनंतर, जेव्हा सगळ्यांना चहा दिसायला लागलेला असतो. पनारकडून डुमक-कलगोठमार्गे थेट उर्गमला उतरणारी वाटही आहे. ती सुंदर आहे, दोन दिवसांची आहे, आणि स्थानिक माणूस बरोबर असल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

कल्पेश्वर वर्षभर उघडं असतं. चमोली, पिपलकोटी, हेलंग आणि तिथून उर्गमची जीप. देवग्रामपासून थोडंसं चालणं, कल्पगंगेवरचा पूल आणि गुहेतलं देऊळ. वाटेत उर्गमला ध्यानबद्री आहे, तेही बघून घ्यावं. हेलंगला संध्याकाळी चारनंतर परतीची जीप मिळणं मुश्किल, त्यामुळे सकाळीच जावं नाही तर देवग्रामला मुक्काम करावा.

पंचकेदारनंतर बद्रीनाथाचं दर्शन घ्यायची रीत आहे. हेलंगहून ते साठेक किलोमीटर आहे आणि राखलेला मोकळा दिवस शिल्लक असेल तर सहज होतं. मात्र बद्रीनाथाची नोंदणी वेगळी तपासतात. ती सुरुवातीलाच केलेली नसेल तर ऐन हंगामात इथवर आलेल्या माणसालाही परत फिरवतात. अर्ज भरताना दोन्ही धामांवर खूण करावी आणि बद्रीनाथाची तारीख कल्पेश्वरच्या दुसऱ्या दिवसाची टाकावी.